मोकळी पडलेली जुनी रोड फ्रेम: तिची सायकल कशी करायची

जुनी रोड फ्रेम कोपऱ्यात उभी असली की डोक्यात लगेच पार्टची यादी सुरू होते. गिअर कुठला, हँडल कुठलं, चामड्याची सीट शोभेल का, टेप कुठल्या रंगाचा. ही यादी थोडे दिवस बाजूला ठेवा. जुन्या फ्रेमवर काय बसेल हे तिच्या सात-आठ मापांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. मापं हातात आली की निम्मे पर्याय आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून निवडणं सोपं होतं. आधी पार्ट आणि मग मापं असा उलटा क्रम धरलात, तर न बसणाऱ्या पार्टचा एक डबा मात्र भरतो.

इथे जुनी फ्रेम म्हणजे साधारण १९६० ते १९९० या काळातली, बारीक गोल नळ्यांची स्टीलची फ्रेम. नळ्या जिथे मिळतात तिथे बाहीसारखा लग असतो आणि त्यात पितळ किंवा चांदीमिश्रित धातू वितळवून सांधा भरलेला असतो. सीटच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१, कोलंबस, तांगे किंवा इशिवाता असं नळी बनवणाऱ्याचं स्टिकर दिसलं तर फ्रेम बऱ्यापैकी वरच्या दर्जाची आहे. ५३१ ही नळी १९३५ साली आली आणि पुढची कित्येक दशकं रेसच्या सायकलींत राहिली. स्टिकर नसलं तरी हिरमुसू नका. साध्या नळ्यांच्या जड फ्रेमचीही रोज वापरायला उत्तम सायकल होते, फक्त तिच्यावर महागडे पार्ट चढवू नयेत.

फ्रेम धड आहे का?

फ्रेम उजेडात घ्या आणि आधी हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड उभ्या नळीच्या, मागे बघा. वरची दांडी आणि तिरकी दांडी हेड ट्यूबला जिथे मिळतात, त्याच्या इंच-दोन इंच मागे खालच्या बाजूने बोट फिरवा. सायकल कधी समोरून कशाला आदळली असेल तर तिथे बारीक फुगवटा लागतो किंवा रंगाला आडव्या चिरा दिसतात. डोळ्याला चुकलेला फुगवटा बोटाला लागतो, म्हणून हात फिरवाच. इथे फुगवटा असेल तर त्या फ्रेमवर पैसे घालू नका. नळी बदलता येते, पण तो फ्रेम बनवणाऱ्या कारागिराचा उद्योग आहे आणि खर्च फ्रेमच्या किमतीला भारी पडतो.

मग पुढचं चाक धरणारा चिमटा बाजूने बघा. चिमट्याच्या पायांचा वरचा सरळ भाग आणि हेड ट्यूब एका रेषेत हवेत, पुढचा बाक त्यानंतर सुरू व्हायला हवा. पाय सुरुवातीपासूनच मागे गेलेले दिसले तर चिमटा वाकलेला आहे. चिमटा वेगळा मिळतो, त्यामुळे एवढ्यावरून फ्रेम टाकून द्यायचं कारण नाही.

फ्रेम सरळ आहे का हे पाहायला एक दोरा पुरतो. दोऱ्याचं एक टोक मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो तिला, बांधा. दोरा हेड ट्यूबला पुढून वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत आणा आणि ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक नव्या फ्रेममध्येही सापडतो. तीन-चारच्या पुढे गेला तर मागचा भाग एका बाजूला गेलेला आहे. स्टील असल्याने तो सरळ करता येतो.

गंजाचं भय लोकांना फार, आणि बहुतेकदा चुकीच्या जागी. वरून दिसणारा तपकिरी थर बारीक पॉलिश पेपरने निघतो. खरी तपासायची जागा म्हणजे बीबी (बॉटम ब्रॅकेट) शेल, पायडलचा एक्सल जिथून आरपार जातो तो आडवा डबा. फ्रेममध्ये शिरलेलं पाणी शेवटी तिथेच साचतं. शेल आतून बघा, आतला गंज टोचणीने टोचा. कण निघाले आणि खाली घट्ट धातू लागला तर ठीक, टोचणी आत गेली तर फ्रेम भिंतीला लावायची.

शेवटची परीक्षा अडकलेल्या पार्टची. अॅल्युमिनिअमचा सीटपोस्ट (सीटची दांडी) किंवा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. सीटचा बोल्ट पूर्ण काढा, गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर ठेवा, फ्रेम उलटी करून बीबीच्या बाजूनेही तेल सोडा, आणि हे काही दिवस करत राहा. मग सीटपोस्टचं डोकं बाकावरच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट धरून फ्रेमच हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवून बघा. हातोडी नको. कॉस्टिक सोड्याने अॅल्युमिनिअम विरघळवण्याचा मार्ग आहे, पण तो डोळे आणि कातडी जाळतो, त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मापं: व्हर्निअर घ्या, वही घ्या

स्टीलची पट्टी आणि व्हर्निअर कॅलिपर एवढं हवंच. सगळी मापं एका पानावर लिहा आणि पार्ट घ्यायला निघालात की ते पान बरोबर ठेवा.

मागच्या ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर सगळ्यात महत्त्वाचं. १२० मिमी असेल तर फ्रेम पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या गठ्ठ्याच्या) काळातली, १२६ असेल तर सहा-सात चकत्यांच्या, १३० असेल तर आठ आणि पुढच्या. पुढचं अंतर बहुधा १०० मिमी असतं. रिमवर ब्रेक लागणारं आजचं रोडचं चाक १३० चं. १२६ च्या फ्रेममध्ये ते बसवायचं तर दोन्ही बाजू दोन-दोन मिलिमीटर हाताने फाकवल्या की एक्सल आत जातो, आणि बरेच लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात. १२० वरून १३० वर जायचं तर फ्रेम कायमची फाकवावी लागते. आट्यांच्या लांब सळईवर दोन नट-वायसर घालून ते आतून ढकलत न्यायचे, प्रत्येक टप्प्यावर सोडून मोजायचं, आणि दोऱ्याची परीक्षा पुन्हा घ्यायची, कारण एक बाजू नेहमी दुसरीपेक्षा आधी वाकते. फाकवल्यानंतर दोन्ही ड्रॉपआउट एकमेकांना समांतर करून घ्यावे लागतात, नाहीतर एक्सलवर वाकडा ताण येतो. हे सगळं फक्त स्टीलला लागू. अॅल्युमिनिअमची फ्रेम फाकवायची नाही. रेनॉल्ड्स ७५३ सारख्या उष्णतासंस्कार केलेल्या पातळ नळ्यांनाही हात लावायचा नाही.

बीबी शेलमध्ये नवखे हमखास अडकतात, म्हणून इथे थोडं थांबू. आधी शेलची रुंदी मोजा. ६८ मिमी असेल तर बहुधा इंग्लिश आटे: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, आणि चेनच्या बाजूचा कप, म्हणजे शेलमध्ये बसणारी बेअरिंगची वाटी, उलट्या आट्यांचा. तो सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ठाऊक नसेल तर माणूस जोर लावून तो आणखी आवळतो. ७० मिमी असेल तर इटालियन, ३६ मिमी व्यास आणि दोन्ही बाजूंना सरळ आटे. इटालियनमध्ये चेनच्या बाजूचा कप चालवताना सैल होऊ पाहतो, म्हणून तो चांगला कसून बसवायचा. फ्रेंच फ्रेमचा व्यास ३५ मिमी, रुंदी ६८ आणि दोन्हीकडे सरळ आटे.

आता गंमत बघा. इंग्लिश कपाचा व्यास साधारण ३४.८ मिमी, फ्रेंचचा ३५. डावीकडचा इंग्लिश कप फ्रेंच शेलमध्ये दोन-तीन आटे सहज जातो, मग कडक होतो, आणि पाना लावला की शेलचे आटे खाऊन टाकतो. म्हणून कप हाताने निदान चार-पाच फेरे फिरत नसेल तर पाना उचलायचाच नाही. रॅले कंपनीच्या कित्येक जुन्या फ्रेममध्ये इंचाला २६ आटे असतात, तेही एक लफडंच. आटे ओळखू येत नसतील किंवा खराब झाले असतील तर बाहेरून फुलून शेलमध्ये घट्ट बसणारा, आट्यांशिवायचा बॉटम ब्रॅकेट मिळतो. तो हाताशी असलेला चांगला मार्ग आहे. आणि जुना बॉटम ब्रॅकेट नीट फिरत असेल तर काढून धुवा, नवे छर्रे आणि ग्रीस भरा, आणि तोच परत लावा. मूळ कप बसलेत, म्हणजे आट्यांचा प्रश्न सुटलेला आहे.

सीटपोस्टचा व्यास नळीवर आतून मोजा, पण सीटचा बोल्ट जिथे आवळतो त्याच्या खाली, कारण वरचं तोंड बहुतेकदा चिमटलेलं असतं. २७.२ मिमी निघालं तर नळ्या पातळ आणि चांगल्या असण्याची शक्यता जास्त. २६ च्या आसपासचं माप म्हणजे जाड भिंतीची नळी. मापं ०.२ मिमीच्या पायरीने येतात आणि ती पायरी महत्त्वाची आहे. २६.४ च्या नळीत २६.२ चा पोस्ट घालून बोल्ट आवळला की सीट खाली सरकत राहते आणि नळीचे कान वाकतात.

हेडसेट, म्हणजे चिमटा ज्यावर फिरतो ती बेअरिंगची जोडी, बहुधा एक इंची, आट्यांचा. चिमट्यावर ठोकून बसवायच्या खालच्या रिंगची दोन मापं प्रचलित आहेत, २६.४ आणि २७ मिमी. फरक जेमतेम ०.६ मिमीचा, पण चुकीची रिंग एकतर सैल बसते नाहीतर ठोकताना तडकते. स्टेमची दांडी २२.२ मिमी, फ्रेंच असेल तर २२. हँडलची जाडी मध्यभागी २५.४, २६ किंवा चिनेली कंपनीच्या जुन्या हँडलवर २६.४ असते. स्टेम आणि हँडल एकाच जोडीतले घ्यावेत असं मी सांगेन, मापांची डोकेदुखी एका फटक्यात जाते.

राहिला ब्रेक. ज्या चाकावर सायकल चालवायची ते लावून बघा आणि ब्रेकच्या भोकाच्या मध्यापासून रिमवर जिथे रबर टेकणार तिथपर्यंतचं अंतर मोजा. साधे आधुनिक रोड ब्रेक साधारण ३९ ते ४९ मिमीपर्यंत पोचतात, लांब हाताचे ४७ ते ५७. जुन्या बऱ्याच फ्रेम २७ इंची चाकासाठी होत्या. तिथे आजचं ७००सी चाक लावलं की रिम चार मिलिमीटर खाली येते, कारण २७ इंची रिमचा व्यास ६३० मिमी आणि ७००सीचा ६२२. ब्रेक तेवढा जास्त पोचला तर काम झालं, शिवाय टायरला जागा मिळाली ती वेगळी. ब्रेकचं भोक आरपार सारखंच आहे की मागून मोठं, तेही लिहून ठेवा. सारखं असेल तर मागे बाहेरून नट लागणारा जुन्या पद्धतीचा ब्रेक घ्यावा लागेल.

आता ठरवा, काय करायचं

मापं समोर ठेवून ठरवायचं. माझ्या मते चार रस्ते आहेत आणि पहिल्या जोडणीसाठी त्यातले पहिले दोनच.

*एकच गिअर.* मागचा ड्रॉपआउट आडवा असेल, म्हणजे एक्सल पुढेमागे सरकवता येत असेल, तर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) नाही, गिअरची केबल नाही, गिअरचा लिव्हर नाही. चेनचा ताण चाक मागे ओढून मिळतो. ड्रॉपआउट उभा असेल तर चेन ताणणारं वेगळं चाकडं लावावं लागतं आणि सोपेपणातली निम्मी मजा जाते. गिअर निवडताना पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा. सपाट रस्त्याला २.६ च्या आसपास, म्हणजे ४२ ला १६, चढ-उतार असतील तर २.३ ते २.५. बहुतेक लोक सुरुवातीला जड गिअर लावतात, मग गुडघे तक्रार करतात. हलका लावा.

इथे खरं काम आहे चेनच्या रेषेचं. पुढची आणि मागची चकती फ्रेमच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवी, साधारण ४२ मिमी. दीड-दोन मिलिमीटरचा फरक खपतो. त्यापुढे चेन घरघर करते आणि एखाद्या खड्ड्यात उतरते. कॅसेटच्या हबवर, म्हणजे चकत्या सरकवून बसवायच्या चाकाच्या मध्यभागावर, एकच चकती आणि बाकीच्या जागी स्पेसर अशी रचना केलीत तर चकती हवी तिथे सरकवता येते, म्हणून पहिल्या वेळी मला तीच आवडते.

फिक्स्डचा, म्हणजे चाक फिरेल तोवर पायडलही फिरणाऱ्या जोडणीचा, मोह झाला तर त्यासाठीचाच हब घ्या, ज्यावर चकतीनंतर उलट्या आट्यांची लॉकरिंग बसते. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर फिक्स्डची चकती चढवली तर मागे जोर देताच ती सुटून येते. आणि फिक्स्ड असली तरी निदान पुढचा ब्रेक हवाच.

*साधा गिअर, घर्षणाचा लिव्हर.* माझं मत विचाराल तर जुन्या रोड फ्रेमला सगळ्यात शोभणारी आणि रोज चालवायला सगळ्यात सोयीची जोडणी हीच. तिरक्या दांडीवर किंवा हँडलच्या टोकांना लिव्हर, ज्यात टक-टक असे ठरलेले टप्पे नाहीत, लिव्हर जिथे सोडाल तिथे राहतो. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा डिरेलर आणि कुठलीही कॅसेट एकत्र नांदते. शिमानोचे टप्प्यांचे गिअर १९८४ मध्ये त्यांच्या ड्युरा-एस या पार्टच्या संचातून आले. त्यानंतर प्रत्येक कंपनीची केबल ओढण्याची मापं ठरली आणि पार्ट एकमेकांशी भांडायला लागले. घर्षणाच्या लिव्हरला त्या भांडणाशी घेणं नाही. हात बसायला काही दिवस लागतात, तेवढंच.

डिरेलर मात्र फार जुना घेऊ नका. सनटूरने १९६४ मध्ये तिरक्या चौकटीचा डिरेलर काढला. त्याचं वरचं चाकडं चकत्यांच्या उताराबरोबर सरकतं, त्यामुळे गिअर पटकन बदलतो. पेटंटची मुदत संपल्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बाकीच्यांनीही तीच रचना उचलली. म्हणून त्या काळातला किंवा नंतरचा, लांब पिंजऱ्याचा कुठलाही साधा डिरेलर आधीच्या नावाजलेल्या डिरेलरपेक्षा बरा चालतो. फ्रेमच्या हँगरला, म्हणजे ड्रॉपआउटखालच्या ज्या कानाला डिरेलर लागतो त्याला, आटे आहेत का ते बघा. सिम्प्लेक्सच्या जुन्या हँगरला गुळगुळीत भोक असतं, त्यात १० मिमीचे आटे पाडून घ्यावे लागतात. हँगरच नसेल तर ड्रॉपआउटमध्ये अडकवायचा पंजा मिळतो.

पुढे दोन चकत्या हव्यातच असं नाही. ४० ते ४२ दात्यांची एक चकती आणि मागे ११ ते ३२ ची कॅसेट एवढ्यावर बहुतेक रस्ते होतात, पुढचा डिरेलर आणि त्याचा क्लॅम्प वाचतो. मागे जुन्या फ्रीव्हीलचा हब असेल आणि चकत्या सहा-सात असतील तर एक्सल वाकलाय का ते तपासा. उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असल्याने या हबचे एक्सल वाकतात, तुटतात. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाला गेलं आणि तो त्रास संपला.

*हबमधला गिअर.* स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आडव्या ड्रॉपआउटमध्ये छान बसतो. मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या ७५ टक्के, वरचा १३३ टक्के. सपाट रस्त्याचा गिअर मधल्याला धरून चकत्या निवडा. एक्सल फिरू नये म्हणून दातेरी वायसर असतात, ते विसरू नका. देखभाल नगण्य, वजन मात्र जास्त.

*जाड टायरची सायकल.* फ्रेमला ७००सी चाकासाठी जागा कमी असेल तर जरा लहान अशा ६५०बी चाकाचा विचार करतात. हिशोब सोपा आहे. ७००सी रिमची त्रिज्या ३११ मिमी, त्यावर २३ चा टायर म्हणजे ३३४. ६५०बीची त्रिज्या २९२, त्यावर ४२ चा टायर म्हणजेही ३३४. बीबीची उंची जशीच्या तशी राहते आणि टायर जवळपास दुप्पट जाड होतो. अडचण दोन ठिकाणी येते: ब्रेकला १९ मिमी जास्त खाली पोचावं लागतं, आणि मागच्या नळ्यांमध्ये ४२ मिमी रुंदी मिळेलच असं नाही. पहिल्या जोडणीला हे घेऊ नये असंच सांगेन.

काहींना फ्रेम तिच्या काळासारखीच उभी करायची असते. त्यात वेगळं सुख आहे, खर्चही वेगळाच. इटलीत टस्कनीतल्या गायोले इन कियांती या गावातून १९९७ पासून निघणाऱ्या लेरोइका फेरीचे नियम त्यासाठी चांगला दंडक आहेत: १९८७ पूर्वीची सायकल, गिअरचे लिव्हर तिरक्या दांडीवर, पायडलला पट्ट्या, ब्रेकच्या केबल हँडलवरून उघड्या.

पैसे कुठे घालायचे

सगळ्यात जास्त चाकांवर. जुन्या स्टीलच्या चकचकीत रिमा पावसात ब्रेक धरत नाहीत, म्हणून अॅल्युमिनिअमच्या रिमा हव्यातच. त्याखालोखाल टायर आणि ब्रेकचे नवे रबर. जुन्या ब्रेकला नवं रबर आणि नवी केबल घातली की तो ओळखू येत नाही, आणि यापेक्षा स्वस्तातली सुधारणा नाही. क्रँक, स्टेम, सीटपोस्ट, लिव्हर बिनधास्त जुने घ्या. चेन, केबल, केबलचं कव्हर, छर्रे आणि टायर मात्र नवेच.

एक जुगाड नेहमी चालतं: धड पार्ट असलेली, पण फ्रेम मोडलेली किंवा मापाला न बसणारी आख्खी सायकल घ्या आणि तिचे पार्ट काढून वापरा. एकेक पार्ट गोळा करण्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं आणि पार्ट आपसात जुळलेले असतात.

आणि मूळ फ्रेमला भोकं पाडू नका, कान कापू नका, काही वितळवून चिकटवू नका. पुढे मन बदललं तर परत जाता आलं पाहिजे.

जोडणीचा क्रम

फ्रेम पुसा, गंजाचे डाग घासा, उघड्या धातूवर रंग किंवा निदान वॅक्स लावा. नळ्यांच्या आत जवसाचं तेल किंवा गंजरोधक फवारा सोडून फ्रेम सगळ्या बाजूंना फिरवा आणि दोन दिवस वाळू द्या. फ्रेम नव्याने रंगवली असेल तर बीबीचे आणि हँगरचे आटे साफ करून घ्या, रंगाने भरलेल्या आट्यांत कप तिरका शिरतो.

हेडसेटपासून सुरुवात करा. कप दाबून बसवताना सरळ जायला हवेत. त्याचा प्रेस नसेल तर हे एक काम मेकॅनिककडून करून घ्या. ग्रीस भरपूर, छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून बसवायचे, पिंजऱ्यातले असतील तर पिंजऱ्याची बाजू बघून. जुळणी दोन पान्यांनी: चिमट्याच्या आट्यांवर बसणाऱ्या वरच्या कपाने सैलपणा काढायचा आणि नट त्यावर आवळायचा. नट आवळताना कप थोडा फिरतोच, म्हणून दोन-तीनदा करावं लागतं. पुढचं चाक उचलून हँडल सोडलं की ते आपोआप एका बाजूला वळलं पाहिजे, आणि पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे हलवली तर खडखड नको.

मग बॉटम ब्रॅकेट, आटे ग्रीस लावून. जुन्या पद्धतीच्या कपात दोन्हीकडे बहुधा पाव इंची ११-११ छर्रे असतात. चौकोनी एक्सलवर क्रँक बसवताना बोल्ट चांगला आवळा, ३५ ते ४० न्यूटन-मीटर. सैल क्रँक चालवलात तर अॅल्युमिनिअमचं चौकोनी भोक गोल होतं आणि त्यावर इलाज नाही. पायडल लावताना डावीकडचे आटे उलटे हे लक्षात ठेवा. आटे ग्रीस लावूनच घाला, नाहीतर पुढे काढायची वेळ आली की रडाल.

सीटपोस्टला आणि स्टेमला ग्रीस. दोन्हींवर किमान खोलीची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. स्टेमचा वरचा बोल्ट हँडल घट्ट राहील एवढाच आवळायचा, जास्त आवळला तर चिमट्याची नळी आतून फुगते.

चाकं लावा, त्यांची आउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, आधी काढलेली असावी. मग ब्रेक. रबर रिमवर पूर्ण टेकलं पाहिजे, टायरला अजिबात नाही. चेनची लांबी मोजायला ती डिरेलरमधून न नेता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून घ्या, जिथे मिळते त्यात दोन कड्या वाढवा. डिरेलरचे दोन्ही मर्यादा स्क्रू केबल जोडण्याआधीच लावून घ्या: चेन आतल्या बाजूला आऱ्यांमध्ये जाऊ नये, बाहेरच्या बाजूला फ्रेममध्ये अडकू नये. केबलचं कव्हर कापताना तोंड चपटं झालं की टोच्याने गोल करा. गिअर जड चालतो त्यामागे बऱ्याचदा हीच चपटी तोंडं असतात.

हँडलचा टेप सगळ्यात शेवटी. ब्रेकच्या लिव्हरची जागा चालवून बघितल्याशिवाय ठरत नाही. आठवडाभर उघड्या हँडलवर चालवा, लिव्हर वर-खाली सरकवा, मग टेप गुंडाळा.

पहिली फेरी घराच्या जवळपासच, खिशात पाने घेऊन. आधी उभ्यानेच दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा. केबल निसटायची असेल तर ती जागेवरच निसटू दे. पहिल्या काही फेऱ्यांनंतर क्रँकचे बोल्ट, हेडसेटचा नट आणि चाकांचे नट पुन्हा तपासा. नवी केबल थोडी सैल पडते, तिचा ताण परत लावा. आणि आऱ्यांची चाके नवी असतील तर आउट पुन्हा एकदा बघून घ्या, पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये आरे जागा धरतात.